जुळ्या लेकींची नावे: जोड अर्थाची, वेगळेपण उच्चाराचे

घरात जुळ्या मुली जन्माला आल्या की पहिले काही दिवस दूध, झोप आणि वजन यांच्याच काळजीत जातात. मग बाराव्या दिवसाची चाहूल लागते. आत्या फोनवरून याद्या वाचून दाखवते, मामा मोबाइलमध्ये शोधत बसतो, आजोबा पंचांग उघडतात, आणि बहुतेक घरांतील चर्चा अखेर एका वाक्यावर येऊन थांबते: “दोन्ही नावे एकमेकींशी जुळायला हवीत.” ही हौस अगदी स्वाभाविक आहे. नऊ महिने एकाच उदरात वाढलेल्या दोघींचे नाते नावातूनही उमटावे, असे कोणाला वाटणार नाही?

या हौसेला माझा विरोध नाही. मात्र छत्रपती संभाजीनगरात कुटुंबाचा डॉक्टर म्हणून काम करताना माझी एक समजूत पक्की झाली आहे. जुळ्यांची नावे हा कौतुकाचा विषय आहे, तसाच तो आरोग्याचाही आहे. म्हणून नावे ‘जुळणे’ म्हणजे नेमके काय, याचा विचार आपण बारशाच्या आधीच करावा, एवढ्यासाठी हा लेख.

कागदावरचा एकच वेगळा शब्द

महाराष्ट्र शासनाच्या निर्णयानुसार १ मे २०२४ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या बालकांची नोंद शासकीय कागदपत्रांत बालकाचे नाव, आईचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव या क्रमाने होते. आईचे नाव कागदावर आले, ही आनंदाचीच गोष्ट. आता हाच क्रम जुळ्या बहिणींना लावून पाहा. चार शब्दांपैकी तीन शब्द दोघींचे सारखेच. जन्मतारीख तीच, लिंग तेच, पत्ता तोच आणि नोंदवलेला मोबाइल क्रमांकही वडिलांचा किंवा आईचाच. पाच वर्षांखालील बालकांच्या आधार कार्डासाठी बोटांचे ठसे किंवा डोळ्यांची प्रतिमा घेतली जात नाही. म्हणजे तिथेही ओळखीचा मोठा भार नावावरच पडतो.

थोडक्यात सांगायचे तर कागदोपत्री या दोन मुलींना वेगळे करणारा, माणसाच्या डोळ्यांना सहज दिसणारा शब्द एकच असतो, तो म्हणजे तिचे स्वतःचे नाव. तोच शब्द एका मात्रेने किंवा एका अक्षराने वेगळा असेल, तर दोघींमधली भिंत किती पातळ राहते हे लक्षात येईल.

दवाखान्यात काय घडते?

लहान मुलांचे औषध वयापेक्षा वजनावर ठरते. तापाचे पॅरासिटामॉल एका वेळी प्रत्येक किलोमागे १० ते १५ मिलिग्रॅम दिले जाते. जुळ्यांपैकी एकीचे वजन ८ किलो आणि दुसरीचे ११ किलो असणे मुळीच दुर्मीळ नाही, त्यामुळे दोघींचा डोस सारखा नसतो. एकीला एखाद्या प्रतिजैविकाची ॲलर्जी असते, दुसरीला नसते. एकीला तापात झटके आलेले असतात, दुसरीला कधीच नाही. एकीची लस सर्दीतापामुळे पुढे ढकलली गेलेली असते. केसपेपरवर आणि लसीकरण कार्डावर हे सारे नोंदवलेले असते, पण योग्य वेळी योग्य कार्ड हाती आले तरच त्याचा उपयोग.

दीड वर्षाच्या जुळ्या बहिणींचा एक अनुभव सांगतो. दोघींची नावे यमकात होती आणि इंग्रजीत लिहिताना एकाच अक्षराचा फरक राहत होता. दोघींचे रक्त एकाच दिवशी तपासायला पाठवले होते. अहवालानुसार एकीचे हिमोग्लोबिन ८ आणि दुसरीचे ११ आले. आजींनी अहवाल ऐकला आणि त्या शांतपणे म्हणाल्या, “डॉक्टर, फिकट दिसते ती ही नव्हे, ती दुसरी.” मुलींकडे पाहिल्यावर आजींचे म्हणणे पटण्यासारखे होते. पुन्हा तपासणी केली, तेव्हा नमुन्यांच्या नोंदीत अदलाबदल झाल्याचे उघड झाले. आजींची नजर नसती, तर लोहाचे औषध काही महिने निरोगी मुलीच्या पोटात गेले असते आणि पंडुरोग झालेली तशीच राहिली असती.

ही केवळ आपल्याकडची अडचण नाही. अमेरिकेतील दोन मोठ्या रुग्णालय-समूहांच्या नवजात अतिदक्षता विभागांतला एक अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. एका बाळासाठीची वैद्यकीय सूचना दुसऱ्याच बाळाच्या नावावर नोंदवली जाण्याचा धोका एकट्याने जन्मलेल्या बाळांच्या तुलनेत जुळ्या-तिळ्यांमध्ये जवळजवळ पावणेदोन पट होता, आणि ही वाढ प्रामुख्याने भावंडांमधल्या अदलाबदलीमुळेच होती. त्या बाळांची बारशी अजून व्हायची असतात. ‘अमक्या आईचे बाळ १’ आणि ‘बाळ २’ एवढीच त्यांची ओळख असते. बारसे झाल्यावर हा धोका कमी व्हायला हवा. आपण यमकातली नावे ठेवतो, तेव्हा मात्र ‘बाळ १’ आणि ‘बाळ २’ यांचीच अवस्था नावानिशी पुढे चालू ठेवतो.

आजी-आजोबांचे कान

आपल्याकडे जुळी मुले आई-वडिलांइतकीच आजी-आजोबांच्या अंगाखांद्यावर वाढतात. औषध पाजणे, अंगणवाडीत नेणे, डॉक्टरांशी फोनवर बोलणे ही कामे अनेकदा त्यांच्याकडेच असतात. वयाबरोबर येणाऱ्या बहिरेपणात प्रथम उच्च कंपनसंख्येचे ध्वनी ऐकू येईनासे होतात. स, श, त, थ, फ यांसारखी व्यंजने पुसट होत जातात, स्वर मात्र बराच काळ नीट ऐकू येतात. म्हणूनच वृद्ध माणसे म्हणतात, “आवाज येतो, पण शब्द कळत नाही.”

आता ‘रिया–सिया’ किंवा ‘अन्वी–तन्वी’ या जोड्या पाहा. त्यांतले स्वर सारखेच आहेत आणि फरक आहे तो आरंभीच्या एका व्यंजनाचा. म्हणजे जे आजोबांना ऐकू येत नाही, नेमक्या त्याच ध्वनीवर दोन नातींची ओळख टांगलेली असते. “सियाला पाच मिली दे” हे वाक्य स्वयंपाकघरातून माजघरात पोहोचेपर्यंत काय होईल, हे सांगता येत नाही.

मुलींच्या बाजूनेही हा विचार करावा. साधारण नऊ महिन्यांचे बाळ आपल्या नावाला प्रतिसाद देते का, हे आम्ही डॉक्टर आवर्जून विचारतो, कारण श्रवण आणि विकास यांचा तो एक सोपा निदर्शक आहे. एका हाकेला दोघी वळत असतील, तर कोण नावाला वळली आणि कोण बहिणीकडे पाहून वळली, हे ओळखणे अवघड होते. जुळ्यांमध्ये बोलणे उशिरा येण्याचे प्रमाण एरवीही थोडे अधिक असते. त्यामुळे ‘ही हाक माझी आहे’ हे प्रत्येकीला लवकर आणि स्पष्ट उमगणे हिताचे.

नक्षत्राचे अक्षर एकच आले तर?

अनेक घरांत नावाचे आद्याक्षर नक्षत्राच्या चरणावरून काढतात. २७ नक्षत्रे आणि प्रत्येकाचे चार चरण, असे एकूण १०८ चरण. एक चरण ओलांडायला चंद्राला साधारण सहा तास लागतात. जुळ्यांच्या जन्मात अंतर असते ते काही मिनिटांचे. साहजिकच दोघींचा चरण बहुधा एकच येतो आणि अक्षरही एकच. मग एकाच अक्षराची दोन नावे शोधता शोधता कुटुंब यमकाच्या वाटेला लागते.

परंपरेनेच यावर तोड काढून ठेवली आहे. जन्मनाव वेगळे आणि व्यवहारातले नाव वेगळे, ही रीत महाराष्ट्रात जुनीच आहे. हस्त नक्षत्राची अक्षरे पू, ष, ण, ठ अशी आहेत. ‘ण’ने सुरू होणारे नाव कोणी कुठून आणावे? अशा वेळी जन्मनाव पत्रिकेत ठेवून व्यवहारासाठी दुसरे नाव घेतले जाते, आणि कोणाच्या श्रद्धेला धक्का लागत नाही. जुळ्यांच्या बाबतीतही नक्षत्राचे अक्षर पत्रिकेत जपावे आणि शाळा, दवाखाना व दाखला यांसाठी नावे मोकळेपणाने निवडावीत.

जुन्या कथा काय शिकवतात?

महाभारतातल्या काशीराजाच्या तीन कन्या आठवा: अंबा, अंबिका आणि अंबालिका. धृतराष्ट्राची माता कोण आणि पांडूची कोण, असे अचानक विचारले तर चांगला वाचकही क्षणभर थबकतो. (अंबिका धृतराष्ट्राची, अंबालिका पांडूची.) कुंती आणि माद्री यांच्याबाबतीत असा घोळ कोणाचाच होत नाही. आम्हा वैद्यकवाल्यांचे आराध्य असलेले अश्विनीकुमार हे देवांचे जुळे वैद्य. त्यांना स्वतंत्र नावे आहेत, नासत्य आणि दस्र. पण ती किती जणांना ठाऊक आहेत? जोडीच्या नावाने दोघांची नावे झाकून टाकली. १९७२ च्या ‘सीता और गीता’ या चित्रपटातील जुळ्या बहिणींच्या नावांत यमक आहे, कारण त्या कथेची सारी मौज अदलाबदलीतच आहे. पडद्यावर ती शोभते, केसपेपरवर नाही.

आणि उत्तम उदाहरण हवे असेल तर ते आपल्याच जिल्ह्यात आहे. पैठणजवळच्या आपेगावचे विठ्ठलपंत आणि रुक्मिणी यांची चार मुले निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान आणि मुक्ता. भावंडांची नावे जुळावीत तर अशी! संसारातून निवृत्ती, मग ज्ञान, मग चढत जाणारी पायरी आणि अखेर मुक्ती, असा एक आध्यात्मिक क्रम या चार नावांत जाणकारांनी पाहिला आहे. अर्थाचा धागा अखंड आहे, पण चारही नावांचे आद्याक्षर निराळे, उच्चार निराळा, तोल निराळा. अंधारात कोणालाही हाक मारली तरी चुकीचे भावंड उठणार नाही. सातशे वर्षांनंतरही प्रत्येक नावाला स्वतःचा चेहरा आहे. जुळ्या लेकींची नावे निवडताना आपण हाच आदर्श समोर ठेवावा, असे मला वाटते: जोड अर्थाची असावी आणि वेगळेपण उच्चाराचे.

दुसरी मुलगी यमकासाठी जन्मलेली नसते

आणखी एक गोष्ट सांगणे मला अधिक महत्त्वाचे वाटते. जुळ्या मुलींची नावे ठरताना मी अनेकदा पाहिले आहे की पहिले नाव विचार करून, अर्थ पाहून, कौतुकाने निवडले जाते आणि दुसरे त्या नावाला जुळेल असे ‘शोधले’ जाते. पहिलीला अर्थ मिळतो, दुसरीच्या वाट्याला उरलेले यमक येते. मोठी झाल्यावर ती विचारते, “माझ्या नावाचा अर्थ काय?” तेव्हा घरातले एकमेकांकडे पाहतात. उत्तर एवढेच असते की ताईच्या नावाला ते जुळत होते.

मुलींच्या नावांबाबत महाराष्ट्राला एक बोचरा इतिहास आहे. मुलगा हवा असताना पुन्हा मुलगीच झाली म्हणून ‘नकोशी’ असे नाव ठेवले जात असे. सातारा जिल्ह्यात अशा मुलींचा शोध घेण्यात आला आणि ऑक्टोबर २०११ मध्ये जाहीर कार्यक्रमात २८० हून अधिक मुलींना नवी नावे देण्यात आली. नाव बदलल्याने आयुष्य एका दिवसात बदलत नाही हे खरे, पण रोजच्या हाकेतला नकार तरी थांबतो. आजही एकाच वेळी दोन मुली झाल्या की “दोन्ही मुलीच का?” असा प्रश्न प्रसूतिगृहाच्या व्हरांड्यात कानावर येतो. त्या प्रश्नाला आई-वडिलांनी देण्याचे पहिले उत्तर म्हणजे दोन पूर्ण, अर्थवान, स्वतंत्र नावे. दोघींचेही स्वागत झाले आहे, हे त्या नावांतून ऐकू यावे.

काही जुनी, जुळणारी आणि तरीही वेगळी नावे

पुढील जोड्या केवळ दिशा दाखवण्यासाठी आहेत. *गार्गी–मैत्रेयी*: बृहदारण्यक उपनिषदातील प्रश्न विचारणाऱ्या दोन विदुषी. *मुक्ता–जनाई*: एक आपेगावची, दुसरी गंगाखेडची, म्हणजे दोन्ही मराठवाड्याच्याच संत. *जिजाऊ–अहिल्या*: एक वेरूळच्या भोसले घराण्याची सून, तर दुसरीने वेरूळच्या घृष्णेश्वर मंदिराचा जीर्णोद्धार केला. *गिरिजा–पूर्णा*: आपल्या परिसरातील दोन नद्या. गिरिजा पूर्णेला मिळते आणि पूर्णा गोदावरीला. *चित्रा–स्वाती*: आकाशात एकीमागून एक येणारी नक्षत्रे.

माझी स्वतःची आवडती जोडी *आनंदी–रखमा*. आनंदीबाई जोशी १८८६ मध्ये अमेरिकेत डॉक्टर झाल्या आणि डॉ. रखमाबाईंनी १८९४ मध्ये इंग्लंडमधले वैद्यकीय शिक्षण पूर्ण करून भारतात दीर्घ काळ रुग्णसेवा केली. लेकींना सांगण्यासारखी याहून मोठी गोष्ट कोणती?

बौद्ध कुटुंबांत *यशोधरा–सुजाता* किंवा भगवान बुद्धांच्या दोन अग्रश्राविकांची *खेमा–उत्पला* ही नावे शोभतील. मुस्लिम कुटुंबांत *फातिमा–जैनब* ही पैगंबरांच्या कन्यांची नावे आहेतच, आणि ख्रिस्ती कुटुंबांत *रूथ–एस्तेर*, ज्यांच्या नावाने बायबलमध्ये पुस्तके आहेत. धर्म कोणताही असो, सूत्र एकच आहे. मराठी मुलींची बहुतेक नावे ‘आ’ किंवा ‘ई’ने संपतात, त्यामुळे शेवट सारखा असला तरी फारसे बिघडत नाही. आरंभीचे अक्षर आणि शक्य तर अक्षरांची संख्या वेगळी असावी. ‘जाई–जुई’ ही जोडी मलाही गोड वाटते, पण तिच्यात एका मात्रेचाच फरक आहे. ती घरातल्या लाडाच्या हाकेसाठी ठेवावी आणि दाखल्यावर दुसरी नावे लिहावीत.

पाळण्यात नाव घालण्यापूर्वी पाच परीक्षा

१. *हाकेची परीक्षा.* एकाने दुसऱ्या खोलीतून, नळ चालू असताना, दोन्ही नावे उलटसुलट क्रमाने पुकारावीत. घरातल्या सर्वांत वृद्ध व्यक्तीने कोणते नाव ऐकले ते सांगावे.

२. *फोनची परीक्षा.* गावाकडच्या नातेवाइकाला फोनवर नाव सांगून लिहून घ्यायला सांगावे. दोनदा उच्चारावे लागले, तर पुन्हा विचार करावा.

३. *आद्याक्षरांची परीक्षा.* प्रयोगशाळेचे अहवाल आणि शाळेची हजेरी बहुधा इंग्रजीत असते. दोन्ही नावे इंग्रजीत लिहून पाहावीत. पहिली तीन अक्षरे सारखी असतील तर घोळ ठरलेला.

४. *अर्थाची परीक्षा.* प्रत्येक नावाचा अर्थ बहिणीचा उल्लेख न करता एका वाक्यात सांगता यायला हवा.

५. *एकटेपणाची परीक्षा.* उद्या एक मुलगी पुण्यात आणि दुसरी नागपुरात असेल. जोडीविना ते नाव पूर्ण वाटते का?

नोंदणीची घाई नको, हयगयही नको

जन्माची नोंद २१ दिवसांच्या आत करायची असते, पण त्या वेळी नाव निश्चित असलेच पाहिजे असे नाही. नोंदणीनंतर १२ महिन्यांपर्यंत बालकाचे नाव विनाशुल्क घालता येते. त्यानंतर विलंब शुल्क भरून १५ वर्षांपर्यंत ही सोय आहे. तरीही शक्यतो पहिल्या काही आठवड्यांतच नाव नोंदवावे. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलांसाठी शाळाप्रवेशापासून पारपत्रापर्यंत जन्मदाखला हाच मुख्य आधार मानला जातो. दोन दाखले हाती आले की प्रत्येकावरील जन्मवेळ आणि नाव प्रसूतिगृहाच्या कागदाशी ताडून पाहावे. खडकी, फतेहनगर, औरंगाबाद आणि छत्रपती संभाजीनगर अशी नावे अनुभवलेल्या आपल्या शहराला वेगळे सांगायला नको की नाव बदलले की किती कागद बदलावे लागतात.

आणि आपल्या घरातल्या जुळ्या लेकींची नावे आधीच यमकात ठेवलेली असतील तर? मुळीच खंत करू नका, बदलण्याचीही गरज नाही. थोडी शिस्त पुरेशी आहे. दोघींच्या फाइल दोन वेगळ्या रंगांच्या ठेवा आणि प्रत्येकीवर छायाचित्र, वजन, रक्तगट, ॲलर्जी आणि अंगावरची एखादी खूण लिहा. औषधाच्या बाटलीवर त्याच रंगाची चिठ्ठी चिकटवा. दोघींना एकाच वेळी डॉक्टरांकडे नेले तर आधी एकीचे सारे पूर्ण करून मग दुसरीचे सुरू करायला सांगा. घरातल्या हाकेसाठी उच्चाराने निराळी लाडाची नावे ठेवा. आणि ‘जुळ्या’, ‘दोघी’, ‘जोडी’ या शब्दांऐवजी प्रत्येकीला दिवसातून अनेकदा तिच्याच नावाने हाक मारा. त्या हाकेतून तिला कळते की या घरात ती बहिणीसोबत आली, पण आपली स्वतःची जागा घेऊन आली.